गार्डभाऊंची पोथी

आमच्या धानोऱ्याच्या वाचनालयात गार्डभाऊ रोज सकाळी आठला यायचे. आंघोळ झालेली, कपाळाला गंध, चपला पायरीखाली काढलेल्या. टेबलावर धुतलेला पंचा अंथरायचे, त्यावर एका अंतराळयानाची कादंबरी ठेवायचे आणि तिला हात जोडायचे. पहिल्या दिवशी त्यांनी उदबत्तीही काढली होती. आजूबाजूला सगळा कागद आहे, हे मला एका निवृत्त वनरक्षकाला सांगावं लागलं. "बराबर हाय बाई," ते म्हणाले आणि उदबत्ती न पेटवताच पुस्तकाशेजारी ठेवली. पुढे रोज तीच एक उदबत्ती पंच्यात गुंडाळून आणायचे.

कादंबरी काय वर्णावी! तीसेक वर्षांपूर्वी दर रविवारी सकाळी 'ध्रुव के पार' नावाची हिंदी मालिका लागायची. यान भरकटलेला एक कप्तान भागामागून भाग घरी यायला निघालेला असायचा. मालिका गाजली म्हणून कोणीतरी तिच्यावर मराठीत कादंबरी पाडली. वेळ लेखकाला पंधरा दिवसांचा मिळाला असावा, आणि त्यातला एकही त्याने मालिका बघण्यात वाया घालवला नसावा. तिसऱ्या अध्यायात कप्तानाला धाकटी बहीण आहे, नवव्यात ती मोठी होते. मुखपृष्ठावरच्या कप्तानाने डोक्यावर जे घातलं आहे, त्यात आमच्याकडे तांदूळ ठेवतात. मी इथली ग्रंथपाल, मराठीची एम.ए., त्यामुळे हे पुस्तक न वाचताच टाकाऊ ठरवण्याचा मला पूर्ण अधिकार होता. चंद्रपूरच्या रद्दीवाल्याकडून ते शोधून आणलं मीच, ही गोष्ट वेगळी. मालिकेचा शेवट काय, हे चार वर्षं रोज विचारून गार्डभाऊंनी माझं डोकं खाल्लं होतं.

त्याचं कारण असं. गावात तेव्हा एकच टीव्ही होता, ग्रामपंचायतीत. मालिकेचा शेवटचा भाग लागला तो मोहफुलांच्या दिवसांत. फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून कोणीतरी झाडाखालचा पाला पेटवला आणि आग जंगलात शिरली. भाग संपायला दहा मिनिटं उरली असताना गार्डभाऊ उठले आणि आग विझवायला गेले. परत आले तिसऱ्या दिवशी, भुवया जळालेल्या. आल्याआल्या विचारलं, कप्तानाचं काय झालं? टीव्हीवर त्या रविवारी शेवटी नुसत्या मुंग्या दिसत होत्या, त्यामुळे पाच जणांनी पाच शेवट सांगितले. एकाने तर कप्तानाचं लग्नही लावून दिलं.

गार्डभाऊंनी पाचही नाकारले. नोकरीभर त्यांचा एक नियम होता. तोडलेल्या झाडाचं थुट स्वतः पाहिल्याशिवाय ते पंचनाम्यावर सही करायचे नाहीत, साहेब जीपमध्ये बसून कितीही ओरडोत. "पाह्यल्याबिगर सही नाई मारत मी," एवढंच म्हणायचे. या एका वाक्यामुळे त्यांच्या पाच बदल्या झाल्या आणि बढती एकदाही झाली नाही. वाक्य मात्र बदललं नाही.

मी मोबाईलवर मालिका शोधून पाहिली. पहिले सहा भाग सापडले, तेही पुरणातल्या वेलदोड्यासारखे, जाहिरातींत कुठेकुठे. मग पुस्तकच उरलं. ते हातात दिलं तेव्हा मला वाटलं, हे आधी शेवटचं पान उघडतील. मी असते तर उघडलं असतं.

"अशी कशी उघडू बाई? पोथी लावली का मंग मधातून उडी नाई मारता येत," ते म्हणाले. "रोज एक अध्याय. अन् आयकनारा पाह्यजे. तुमी हूं म्हना."

अशा रीतीने विद्यापीठात तिसरी आलेली मी एकेचाळीस दिवस 'हूं' म्हणण्याच्या कामावर रुजू झाले. ओळ संपली की हूं. चुकून विसरले, तर ते तीच ओळ पुन्हा वाचायचे, त्यामुळे मी फार काळ विसरले नाही.

वाचताना ते कप्तानाची तपासणीही करायचे. सतराव्या अध्यायात तो एका ग्रहावरची आग विझवायला यान सरळ ज्वाळांवर नेतो. गार्डभाऊंनी पुस्तक मिटलं. "वारा कोनीकडून येऊन राह्यला हे पाह्यलंच नाई ह्यानं. समोरून पाला जाळून जाळरेषा काढा लागते. एवढा शिकला अन् काऊन असा वागते?" त्या दिवशी ते कप्तानावर इतके रागावले की जाताना पुस्तकाला नमस्कारही केला नाही. दुसऱ्या दिवशी दोनदा केला.

एकदा मी वैतागून म्हटलं, "भाऊ, तो पोचला काय, न पोचला काय, तुम्हाला एवढं काय त्याचं?"

त्यांनी चष्मा काढून पंच्याला पुसला. "मी सात वर्स जंगलातल्या बीटवर एकटाच होतो बाई. वायरलेसवर सांजच्याला सांगो, मी चौकीत पोचलो म्हनून. तिकून कोनी हूं म्हनत नोव्हतं."

त्यानंतर मी हूं जरा मोठ्याने म्हणू लागले.

चाळिसाव्या दिवशी ते गेल्यावर मी पुस्तक उघडलं आणि शेवट वाचला. कप्तान यानाचं दार उघडतो, समोर प्रखर उजेड, आणि खाली छापलेलं: 'पुढील कथा दुसऱ्या भागात.' दुसरा भाग निघाला नव्हता. प्रकाशकाने धंदा गुंडाळला होता. त्या लेखकाच्या नावाने मी एकटीने जे बोलले, ते एम.ए.च्या अभ्यासक्रमात नव्हतं. तीस वर्षं थांबलेल्या माणसाला उद्या हे वाचायला लागणार, या विचाराने मी त्या रात्री जेवले नाही. 'कप्तान घरी पोचला' अशी ओळ टाईप करून शेवटच्या पानावर चिकटवावी, असंही मनात आलं. पण चिकटवलेला कागद पाहिला की ते आधी खालचं पान पाहणार, हे माहीत होतं.

समाप्तीला ते नारळ घेऊन आले. शेवटची ओळ वाचली. मी हूं म्हटलं नाही, म्हणून त्यांनी ती पुन्हा वाचली. मग पान उलटून पाहिलं. मागे त्याच प्रकाशकाच्या पाककृतींच्या पुस्तकाची जाहिरात होती.

"दुसरा भाग नाही भाऊ," मी म्हटलं. "निघालाच नाही."

त्यांनी पुस्तक मिटून पंच्यावर ठेवलं. मग म्हणाले, "म्हनजे तो मेला, असं कोनी पाह्यलं नाई."

"नाही."

"मंग कायले मारायचा त्याले? घरीच जाऊन राह्यला असन." त्यांनी पायरीवर नारळ फोडला आणि पहिला तुकडा मला दिला. मी तो हातातच धरून ठेवला. त्यांनी मात्र आपला शांतपणे खाल्ला आणि विचारलं, "उद्या पहिला अध्याय लावू ना?"

दुसऱ्या वाचनाचे अकरा अध्याय झाले. मी भाचीच्या लग्नासाठी चार दिवस चंद्रपूरला गेले. तोवर वाचन थांबवतो, हूं म्हणायला कोणी नाही, असं म्हणून ते पुस्तक घरी घेऊन गेले. मी परत आले तेव्हा त्यांना ताप येऊन, ते जाऊन, सगळं आटोपलंही होतं. माझ्यासाठी कोणी थांबलं नव्हतं.

गेल्या महिन्यात वाचनालयाच्या अध्यक्षांनी मला सभासदांचं रजिस्टर साफ करायला सांगितलं. जे वारले त्यांच्या नावापुढे 'मयत' लिहायचं आणि सही करायची. मी दोन नावं निमूट उडवली. तिसऱ्यापाशी पेन ठेवलं.

"यांचं राहिलं," अध्यक्ष म्हणाले. "पुस्तकही यांच्याकडेच आहे. लिहा मयत."

"मी पाहिलेलं नाही," मी म्हटलं, आणि सही न करता रजिस्टर मिटलं.