तिसरा तारा आणि पार्किंगमधला बैल

शनिवार, १८ जानेवारी २०२५. सकाळी साडेनऊ वाजता हरित मानांकनाच्या परीक्षक बाई पिंपळे गुरवमधील आमच्या सोसायटीच्या फाटकातून आत आल्या, आणि त्याच क्षणी इमारतीच्या मागचा बैल हलवण्यात आला. या दोन गोष्टी योजनेप्रमाणे झाल्या. पुढचे काहीही योजनेप्रमाणे झाले नाही.

मी या सोसायटीचा अध्यक्ष. चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, गुणवत्ता विभागात मी नोकरी केली व निवृत्त झालो. बैलही निवृत्त होता. तो बैलगाडा शर्यतीत पळत असे. त्याचे नाव येथे देत नाही. तो हयात आहे.

आमची इमारत ज्या शेतावर उभी आहे, ते शेत बैलाच्या मालकिणीचे होते. सगळे तिला आत्या म्हणतात. जमीन देताना आत्याच्या यजमानांनी बिल्डरकडून दोन सदनिका घेतल्या आणि मागच्या कोपऱ्यात गोठ्यापुरती जागा राखून ठेवली. एक सदनिका यजमानांच्या आजारपणात विकली गेली. यजमान वारले. बैल राहिला. आत्याची सदनिका चौथ्या मजल्यावर आहे, पण ती तेथे फक्त झोपते. दिवसभर ती गोठ्यापुढे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बैलाची प्रकृती सांगते. सोसायटीचा ओला कचरा, म्हणजे भाज्यांची देठे, साली, मटारची टरफले, सकाळी आठच्या आत बैलापुढे पडतो. साडेआठला काही शिल्लक नसते.

पालिकेचे धोरण असे होते की हरित मानांकनाचे तीन तारे मिळवणाऱ्या सोसायटीला मालमत्ता करात सवलत मिळावी. दोन तारे मिळवणाऱ्या सोसायटीला अभिनंदन मिळते. धोरण वाईट नाही. पालिका प्रत्येक इमारतीत राहायला येऊ शकत नाही. तिला यादीवर विसंबावे लागते. अडचण एवढीच की यादी हाती पडली की माणसे इमारतीकडे पाहणे सोडतात आणि यादीकडे पाहू लागतात. सायकलींच्या जागेला गुण होते, म्हणून आम्ही सायकलींची जागा केली. सायकल कोणाकडेच नव्हती. पाणी वाचवणाऱ्या तोट्यांना गुण होते, म्हणून त्या बसवल्या. त्यांतून धार इतकी बारीक पडे की लोक बादलीखाली नळ सोडून बाजारात जाऊन येत. कचऱ्याचे खत करणाऱ्या यंत्राला सर्वांत जास्त गुण होते. यंत्र आणले. त्याच्यावरचे प्लास्टिक काढण्याची वेळ आली नाही, कारण यंत्राला घालायला कचरा नव्हता. तो बैल खात असे.

यादीत बैल नव्हता. आमचे सचिव यामुळेच घाबरले.

सचिव मूळचे लातूरकडचे. चाकणला एका कंपनीत सुपरवायझर आहेत. मला ते सर म्हणतात, मी त्यांना बोलू देतो. समितीच्या बैठकीत ते म्हणाले, "सर, जे यादीत नाही ते ऑडिटरला दिसलं नाही पाहिजे. कंपनीत आम्ही तेच करतो. रिजेक्ट माल ट्रॉलीवर टाकायचा आणि ऑडिटर ज्या शेडमध्ये शिरंल त्याच्या पुढच्या शेडला घ्यायचा. ऑडिटर पुढं, की माल आणखी पुढं."

"बैल ट्रॉलीवर बसणार नाही," मी म्हणालो.

"चालत जाईल की सर. त्याला पाय आहेत. मालाला कुठं असतात?"

समितीत बहुतेक सगळे कारखान्यांतले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी विरोधात मत दिले व हरलो. त्याच बैठकीत असेही ठरले की बैलामुळे तिसरा तारा हुकला तर बैल सोसायटीत राहणार नाही. आत्याचा भाचा चाकणच्या पुढे राहतो. त्याने तो न्यावा.

हे आत्याला सांगायचे काम माझ्याकडे आले. मी सांगितले. ती बैलाच्या मानेवर हात ठेवून उभी होती.

"भाच्याकडं न्हाई जगायचा त्यो, साहेब. तिथं त्याला कोन वळकतंय?" ती म्हणाली. मग त्याच्या मानेवरची माशी हाकलून, "आन् त्यो गेल्यावर म्या वर बसून काय करू? लिफ्टच्या खेपा मोजू?"

मी तेथून निघालो. घरी येऊन इमारतीचा नकाशा काढला व बैलाचा मार्ग आखला. काम चुकीचे असले तरी ते नीट व्हावे, असे माझे मत आहे.

तयारी कंपनीतल्यासारखीच झाली. पार्किंगमध्ये पिवळे पट्टे मारले. झाडांना क्रमांक लावले. तुळशीच्या कुंडीला 'झाड क्रमांक ९' ही पाटी लागली. एका सभासदाने हौसेने आपल्या दुचाकीवर 'बंद अवस्थेत' अशी पाटी अडकवली. ती दुचाकी खरोखरच बंद होती. सर्व रहिवाशांना खाली बोलावून सचिवांनी ताकीद दिली: विचारले तेवढेच सांगायचे, पुढे एक शब्द नाही. माझ्या पत्नीने विचारले, "अहो, त्या बाईंनी 'कशा आहात' विचारलं तर?" सचिव म्हणाले, "'बरी आहे' म्हणायचं, काकू. गुडघ्याचं काढायचं नाही."

परीक्षक बाई तरुण होत्या. पाठीवर पिशवी, हातात टॅब. मी त्यांना आखलेल्या मार्गाने उजवीकडून नेऊ लागलो. आम्ही उत्तरेला असलो की आत्या आणि बैल पूर्वेला. आम्ही पूर्वेला वळलो की ते दक्षिणेला. सचिव मागे राहून मोबाइलवर हळू आवाजात सूचना देत होते. "माल पुढं घ्या. हां, घेतला का? थांबवा माल." परीक्षक बाईंनी एकदा वळून पाहिले. सचिव म्हणाले, "कंपनीचा फोन आहे, मॅडम. डिस्पॅच चालूय."

पावसाचे पाणी जिरवण्याचा खड्डा त्यांना आवडला. सौर बंब आवडले. लिफ्टजवळ एक सभासद भेटले. परीक्षक बाईंनी त्यांना विचारले, "तुम्ही इथंच राहता का?"

"हो," ते म्हणाले आणि ताठ उभे राहिले.

"किती वर्षं झाली?"

"हे तयारीत नव्हतं," असे म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिले.

दक्षिणेच्या कोपऱ्यावर पोहोचताच परीक्षक बाई थबकल्या. मोजण्याची टेप त्या खड्ड्याजवळ विसरल्या होत्या. "मी घेऊन येते," म्हणाल्या आणि आल्या वाटेने निघाल्या. आता बैल फेरी पूर्ण करून त्याच बाजूला येत होता.

"मॅडम माघारी फिरायल्यात, सर!" सचिवांचा आवाज चढला. मोबाइलमध्ये म्हणाले, "आत्या, मागं घ्या! माल मागं घ्या!"

मोबाइलचा आवाज मोठा होता. आत्याचे उत्तर आम्हा सर्वांना ऐकू आले. "बैलाला काय रिव्हर्स गेर असतोय व्हय रं?"

सचिव पळत सुटले. त्यांच्यामागे समितीचे आणखी दोघे, हातवारे करीत, ओरडत. ही चूक होती. शर्यतीच्या बैलापुढे माणसे अशी पळाली व ओरडली की त्याला एकच अर्थ कळतो. त्याने मान खाली घातली, आत्याच्या हातातले दावे सोडवून घेतले आणि पिवळ्या पट्ट्यांच्या मधून, पट्ट्यांना पाय न लावता, धावला. वय पाहता वेग चांगला होता. वरच्या गॅलऱ्यांतून कोणीतरी टाळ्या वाजवल्या. वाटेत एकच दार उघडे होते. ते खत यंत्राच्या खोलीचे. बैल आत गेला आणि थांबला. सचिवांनी दार ओढून घेतले व ते दाराला पाठ लावून उभे राहिले.

परीक्षक बाई टेप घेऊन परतल्या. "आता खत यंत्राची खोली पाहू या," म्हणाल्या.

"किल्ली सापडत नाही, मॅडम."

"दाराला कुलूप नाहीये."

आतून फुरफुर ऐकू आली. सचिव म्हणाले, "यंत्र चालूय." मी त्यांना बाजूला होण्यास सांगितले. दार उघडले. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले यंत्र डावीकडे होते, बैल उजवीकडे.

परीक्षक बाईंनी बराच वेळ पाहिले. "हे काय आहे?"

सचिव म्हणाले, "स्टँडबाय युनिट, मॅडम."

तोवर आत्या धापा टाकत पोहोचली होती. तिने दावे हातात घेतले. परीक्षक बाईंनी विचारले, "तुमचा ओला कचरा जातो कुठं?" आत्याने बैलाकडे बोट दाखवले. विचारले तेवढेच सांगणारी त्या दिवशी ती एकटीच होती.

परीक्षक बाईंनी वरिष्ठांना फोन लावला. "सर, एक बैल आहे. नाही, चित्र नाही. जिवंत." बराच वेळ 'हो सर' म्हणत राहिल्या. फोन ठेवून त्यांनी निर्णय सांगितला. बैल यादीत नाही, म्हणून त्याच्यामुळे गुण कापता येत नाहीत. बैल यादीत नाही, म्हणून त्याच्यामुळे गुण देताही येत नाहीत. मात्र यंत्र चालू असल्याचे आज दाखवले आणि रोजचा सगळा ओला कचरा यंत्रातच जाईल, असे अध्यक्षांनी लिहून दिले, तर तिसरा तारा नक्की.

सचिवांचा चेहरा उजळला. मग त्यांनी घड्याळ पाहिले. आजचा कचरा बैलाने केव्हाच संपवला होता.

त्यानंतर समिती दारोदार कचरा मागत फिरली. "काकू, ओला कचरा आहे का? थोडा तरी?" लोक नुकतेच पढवलेले; 'नाही' म्हणून दार लावत. माझ्या पत्नीने पालक अजून निवडलाच नव्हता, तो घाईने निवडला. कोणी चांगली केळी सोलून साली दिल्या आणि केळी कोणाला द्यावीत हे न सुचून ती समितीलाच खायला दिली. तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी कोबीचा अख्खा गड्डा आणला. "हा चांगला आहे," मी म्हणालो. ते म्हणाले, "तारा मिळणार असेल तर जाऊ द्या, साहेब."

यंत्राचे प्लास्टिक काढले, वीज लावली, सगळे आत टाकले. यंत्र घरघरले. गड्डा आत गेला आणि ते थांबले. परीक्षक बाई म्हणाल्या, चालू झालेले मी पाहिले, तेवढे पुरे. टॅब माझ्यापुढे धरला. त्यावर हमीचा मजकूर होता. खाली बोटाने सही करायची होती.

आत्या दारात उभी होती. सगळा कचरा यंत्राला गेला तर बैलाला विकतची वैरण लागणार होती आणि ती तिला झेपणारी नव्हती. यादीने बैलाला माफ केले होते, पण ही सही त्याला भाच्याकडे पाठवणार होती. ते तिला कळत होते. मलाही.

"सर, करून टाका," सचिव म्हणाले. "आपण कंपनीत किती करतो अशा."

"यंत्र चालत नाही," मी म्हणालो. "रोजचा कचरा त्यात जाईल, असे मी लिहून देऊ शकत नाही. तो बैल खातो. उद्याही खाईल."

"सर, सवलत जाईल!"

"जाईल."

मी टॅब परत दिला. परीक्षक बाईंनी काहीतरी नोंदवले व दोन ताऱ्यांबद्दल आमचे अभिनंदन केले. सचिव दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ दोनदा येऊन गड्ड्याची चौकशी करून गेले. बैठकीचा ठराव बैलामुळे तारा हुकला तर, असा होता. तारा बैलामुळे हुकला नाही, माझ्यामुळे हुकला, असे मी समितीला सांगितले. अध्यक्षाला भाच्याकडे पाठवण्याची तरतूद ठरावात नव्हती. विषय संपला.

दुपारी आत्या आमच्या दारात आली. "बसा," मी म्हणालो. ती बसली नाही. "त्याला आज लई दिसांनी पळाया मिळालं," एवढे म्हणाली आणि खाली गेली.

संध्याकाळी मी पाना घेऊन खत यंत्राच्या खोलीत गेलो. वीज बंद केली, झाकणाचे बोल्ट सोडले, पात्यात अडकलेला कोबी तुकड्या-तुकड्याने बाहेर काढला, पाते पुसले आणि बोल्ट पुन्हा आवळले.