कुठली टाकी आधी

आमच्या मावशीने नगरपालिकेच्या सभापतींना भर सभेत रडवलं, असं शहरभर झालं आहे. न्हाव्याच्या दुकानात ही गोष्ट एका ग्लास गढूळ पाण्याची होती. भाजीबाजारापर्यंत ग्लासाची बादली झाली आणि आमच्या शाळेत आली तेव्हा मावशीने सभापतींचं डोकंच टाकीत बुडवलं होतं. यातलं खरं एवढंच, की सभापतींच्या डोळ्यांना पाणी आलं. ते आणलं ब्लीचिंग पावडरीने. मावशीच्या पिशवीला, बाहीला, चष्म्याच्या दांडीलासुद्धा त्या पावडरीचा वास बावीस वर्षांपासून चिकटलेला आहे. घरी आम्हाला तो जाणवतही नाही; पण बंद खोलीत पंखा तिच्या बाजूने फिरला, की नवख्या माणसाची धडगत नसते.

मावशी पाणीपुरवठ्याच्या भांडारात काम करते. रोज सकाळी चार टाक्यांसाठी पावडर तोलून द्यायची, हे तिचं काम. सगळे तिला लिटरमावशी म्हणतात, कारण पाहुण्यांनाही ती ‘चहा किती?’ असं विचारत नाही, ‘शंभर मिली चालेल?’ असं विचारते. बोलणं म्हणाल तर कमी दाबाच्या नळासारखं. एक शब्द, मग नुसती हवा, मग पुढचा शब्द. घरी चार माणसं जमली की मला तिची नक्कल करावीच लागायची. एकदा तिने ती दारात उभी राहून पूर्ण ऐकली आणि म्हणाली, “शेवटचा शब्द... जरा... घाईत झाला.”

तर यंदा शहरातला मोठा कारखाना बंद पडला, त्याचा कर बुडाला आणि अंदाजपत्रकाला भगदाड पडलं. सगळ्या खात्यांना कात्री लावा, असा वरून हुकूम आला. नगरपालिकेचे हिशेबनीस नाकातून बोलतात. मनाने वाईट नाहीत. विजेचं बिल वाचावं म्हणून स्वतःच्या खोलीतला पंखा त्यांनी कधीच बंद केला होता. त्यांनी सोपा मार्ग काढला. ‘किरकोळ’ या सदरातला सगळा खर्च एका रेघेत उडवायचा. झाडू, साबण, फिनेल, वर्षभर चालवून घेऊ.

गोम अशी, की पाण्यात घालायची पावडरही त्याच सदरात होती. पूर्वी फिनेल आणि पावडर एकाच टेम्पोतून येत, म्हणून कुण्या जुन्या कारकुनाने दोन्ही एकाच पानावर चढवली. पुढे टेम्पो बदलला, कारकून निवृत्त झाला, पान तसंच राहिलं. अंदाजपत्रकाची सभा आली तेव्हा भांडारात सेहेचाळीस पोती उरली होती. रोज दोन लागतात. म्हणजे तेवीस दिवस, आणि मग नदीचं पाणी जसंच्या तसं घरोघरी.

मावशीने त्याआधीच तीन पत्रं लिहिली होती. तिन्हींना हिशेबनिसांचं एकच उत्तर, “तरतूद नाही.” यातला ‘नाही’ कपाळातून येतो, मी तो करून दाखवते.

सभेच्या आदल्या संध्याकाळी मावशी जेवणाच्या टेबलावर पट्टी घेऊन कागदावर रेघा मारत बसली होती. मी तिला समजावलं, की तिथे टेबलावर हात आपटावा लागतो, आवाज चढवावा लागतो, तुझ्यासारख्या गरीब गायीचं तिथे काम नाही. तिने रेघ पुरी केली.

“एक... वाक्य... पुरेल.”

मग पैज लागली. दुसरं वाक्य बोलावं लागलं किंवा आवाज चढला, तर महिनाभर माझी सायकल ती पुसणार. नाहीतर वर्षभर मी तिची नक्कल बंद करायची. मी हसत हसत टाळी दिली.

सभा सगळ्यांना खुली असते. मी मागच्या बाकावर बसले. सभापती ‘म्हणजे कसं आहे’ म्हटल्याशिवाय श्वास घेत नाहीत. म्हणजे कसं आहे, आपण सगळ्यांनीच पोटाला चिमटा घ्यायचा आहे, असं ते सांगत होते. नगरपालिकेच्या दारासमोरच्या नव्या रंगीत कारंज्याला मात्र कुणी चिमटा घेतला नव्हता. ‘किरकोळ’ची पाळी आली तशी मावशी उठली. कागद तिने दोन्ही हातांनी धरला आणि सभापतींपुढे ठेवला.

“साहेब, पावडर तेवीस दिवसांत संपेल... आणि पावडरीशिवाय टाकी चालू ठेवायची नाही, असा नियम आहे... तेव्हा कुठली टाकी आधी बंद करायची... तेवढं ठरवून... सही द्या.”

आणि ती बसली. कागदावर चार टाक्या, प्रत्येकीखाली गल्ल्यांची नावं, क्रमांकासाठी रिकामा चौकोन आणि तळाशी सहीची रेघ.

सभापतींनी पेन उघडलं. टेकडीच्या टाकीखाली त्यांची स्वतःची गल्ली निघाली. त्यांनी बाजाराची टाकी सुचवली, तर बाजाराचे सदस्य उभेच राहिले. इस्पितळाच्या टाकीचं नाव कुणी काढेना. उरली जुन्या वसाहतीची. सगळ्यांना हायसं वाटलं, तोच हिशेबनीस नाकातून म्हणाले, “मी तिथे राहतो.”

त्याच वेळी पंखा मावशीकडून सभापतींकडे फिरला. त्यांनी डोळे पुसले, पेनाला टोपण लावलं. हिशेबनिसांनी स्वतःच पानं उलटली आणि कारंज्यावर रेघ ओढली. मग सभापतींच्या गाडीचं डिझेल निम्मं झालं. तरी थोडं कमी पडत होतं. मावशी पुढे गेली, हिशेबनिसांचं पेन घेतलं आणि आपल्याच मागणीतला नवा वजनकाटा खोडला. पावडर ‘पाणीपुरवठा’च्या पानावर चढली.

“आणखी काही बोलायचंय का?” हिशेबनिसांनी अदबीने विचारलं.

मला पैज जिंकायची आशा वाटली. निदान आभार तरी मानेल, बाई सभ्य आहे. मावशीने चष्मा काढला, पुसला, मागे माझ्याकडे पाहिलं आणि नाही म्हणून मान हलवली.

तर वर्षभर नक्कल करायची नाही. लिहायचं नाही, असं काही ठरलं नव्हतं, म्हणून हे लिहिलं. मावशीने ते वाचलं, तिच्या बोलण्यातले सगळे ठिपके पेन्सिलीने मोजले आणि नक्कलबंदीची मुदत एका महिन्याने वाढवली.