ऑपरेशन झालेली सून

पौडच्या आमच्या लहानशा दवाखान्यात सोनोग्राफीचे डॉक्टर पुण्याहून आठवड्यातून दोनदा यायचे. एरवी तातडीच्या रुग्णाच्या पोटावर मशीनचा प्रोब मीच, दवाखान्याची डॉक्टर, फिरवायचे. त्याचं रीतसर प्रशिक्षण मी चाळिशी ओलांडल्यावर घेतलं होतं.

एकदा ताम्हिणीकडची एक बाई भात लावताना चक्कर येऊन पडली. पोट दुखतंय म्हटल्यावर बेंबी सरकली असेल म्हणून घरच्यांनी आधी तेल लावून पोट चोळून घेतलं, आणि मग जीपमधून आणलं. ओठ पांढरे पडलेले, नाडी धावत होती.

"शेवटची पाळी कधी आली?" मी विचारलं.

"पोरं बंदचं आपरेशन झालंय तिचं," सासू म्हणाली. "पाळीचं काय इचारताय?"

"मी तिला विचारलंय."

सुनेने सासूकडे पाहिलं. नर्सला सलाईन लावायला सांगून मी मशीन ओढलं, तशी सासू आडवी आली.

"ह्या मशनीवर पोटुशी बायांना घालत्यात, बाई. गावात काय सांगू? ल्योक तिकडं माणला कंपनीत वाचमन हाय, त्यो काय म्हनंल?"

"मावशी, आधी ती जगू दे. सरका."

सरकली.

गर्भाशय रिकामं होतं, पण यकृताच्या कडेला काळी पट्टी दिसली. पडद्यावर पोटात साचलेलं रक्त तसंच दिसतं. लघवीच्या तपासणीत गर्भ असल्याचं आलं. नसबंदीनंतरही क्वचित नळीत गर्भ अडकतो.

"म्हंजी आपरेशन वाया गेलं?" सासूने विचारलं.

"कधीकधी जातं. तिची काही चूक नाही. नळी फुटलीय, रक्त लागेल, आत्ताच्या आत्ता पुण्याला न्यायचंय."

सासूने काउंटरवरच्या फोनवरून मुलाला गाठलं.

"हिचं सरकारी आपरेशन फसलंय. रगात द्यायला पुण्याला पोच. न्हाई, तिला एक शबुद बोलायचा न्हाई. काय बोलायचं त्ये मला बोल, पर मागनं."

फोन ठेवून तिने विचारलं, "जिती पोचंल न्हवं?"

"निघालात तर."

ॲम्ब्युलन्समध्ये सासूच आधी चढली. मी पुण्याला फोन करून सर्जनना थिएटर तयार ठेवायला सांगितलं.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. पोट रक्ताने भरलं होतं, नळी काढावी लागली, बाई शुद्धीवर आहे. नवऱ्याचं रक्त चाललं नाही. पण तो येताना कामावरच्या सोबत्यांना घेऊन आला होता, त्यांच्यातल्या एकाचं जुळलं.