निसर्गस्नेही फळी

"लॉन टाकायचं," चेअरमन साहेब म्हणाले. "हिरवंगार. फोटोत उठून दिसलं पायजे."

आम्ही आष्टी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या आवारात उभे होतो. भिंतीपलीकडे टँकर आला होता आणि बाया घागरी घेऊन भांडत होत्या. त्या भांडणाच्या वर आवाज काढून साहेबांना लॉनबद्दल बोलावं लागत होतं.

"साहेब, लॉनला रोज पाणी लागतं," मी म्हणाले.

"टँकर लावू की."

"कुणाच्या वाट्याचा?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग मुख्याध्यापिका सानप बाईंकडे. "बाई, ह्या म्याडम लई बोलतात."

"केजच्या हायेत, साहेब. पुण्यात शिकल्यात," बाई म्हणाल्या. "फुकट काम करतात, म्हणून बोलतात."

मी लँडस्केप आर्किटेक्ट आहे. इमारतीच्या बाहेर जे जे असतं, म्हणजे जमिनीचा उतार, झाडं, पाणी, वाटा, ते सगळं आखायचं हे आमचं काम. आमच्या केजच्या शेजाऱ्यांच्या मते मी पदवीधर माळीण आहे.

चेअरमन साहेब सहकारी साखर कारखान्याचे. कारखाना शाळेला मैदान देणार होता, आणि बाईंना ते तातडीनं हवं होतं. दसरा झाला की गाव ऊसतोडीला जातं. आईबाप जातात, त्यांच्याबरोबर पोरं जातात, आणि वर्गात बाई आणि फळा उरतो. फडावर गेलेली पोरं परत येतात तेव्हा मागे पडलेली असतात. काही शाळेत परत येतच नाहीत. मागे राहणाऱ्या पोरांसाठी शाळेत हंगामी वसतिगृह चालतं. जेवण, झोप, अभ्यास.

"पण नुसत्या वरणभातासाठी आठ वर्षांचं पोरगं आईला सोडून राहत न्हाई," बाई मला म्हणाल्या होत्या. "त्याला इथं करमायला पायजे. अन् ते करमतंय, हे आईला डोळ्यांनी दिसायला पायजे. पालकसभेत बाया ठरवतील. त्याच्या आत मैदान करा."

थोडक्यात, ज्या कारखान्याला तोडणीसाठी आईबाप हवेत, तोच त्यांची पोरं मागे राहावीत म्हणून मैदान देत होता. ह्यालाच बहुधा सहकार म्हणत असावेत.

माझं डिझाइन निसर्गस्नेही होतं. लोखंडी घसरगुंडी उन्हात तापते. पोर वर चढतं, खाली येतं, संपलं. टेकडी, धोंडा, आडवं पडलेलं खोड असलं की पाय कुठे ठेवायचा हे पोराला दर वेळी नव्यानं ठरवावं लागतं. सगळं अंग कामाला लागतं. म्हणून मी मुरमाची टेकडी आखली, काळे धोंडे रचले, तोलावर चालायला जमिनीलगत बाभळीची खोडं दाखवली. पोरांना उचलून इकडेतिकडे नेता येतील अशा काटक्या, फांद्या, दोऱ्या मोकळ्या ठेवल्या. त्यांना आमच्यात लूज पार्ट्स म्हणतात. पोर जिथे पडण्याची शक्यता असते तिथे मऊ वाळू घालतात, तो फॉल झोन. शेजारची नदी कोरडीठाक पडली होती, सगळी वाळूच. पण वाळूला तहसीलचा परवाना लागतो. पोरांना पडायला परवाना लागत नाही. साहेबांनी एक फोन केला आणि परवाना आला. असल्या फोनांविरुद्ध मी आयुष्यभर बोलत आलेय. त्या दिवशी मी थँक्यू म्हणाले.

नकाशा बघून साहेब नाराज झाले. "ही दगडमाती तर गावात फुकट हाय."

"म्हणूनच घेतलीय, साहेब."

"मग माझं नाव कशावर टाकायचं?"

ह्या प्रश्नाचं उत्तर कॉलेजात शिकवत नाहीत.

साहेबांनी ते स्वतःच शोधलं. बाभळीची खोडं वखारीत अडकली होती, आणि सभेच्या तोंडावर कारखान्याचा ट्रॅक्टर एक लांब, जाड फळी घेऊन आला. वापरून गुळगुळीत झालेली, वर आडव्या पट्ट्या ठोकलेल्या. कडेला ताज्या लाल रंगात साहेबांचं नाव आणि 'यांच्या सौजन्याने'.

"तोलायला लाकूड पायजे होतं ना तुमाला? घ्या. अस्सल सागवान."

मी पुण्याला आमच्या ऑफिसच्या सरांना फोन लावला.

"लाकूड चांगलं आहे?" सरांनी विचारलं.

"हो."

"मग लाव. रीयूज. रिपोर्टमध्ये छान दिसतं."

आम्ही ती टेकडीला तिरकी टेकवून बोल्टनं पक्की केली. जणू त्याच उतारासाठी केलेली असावी, अशी बसली.

पालकसभेला मांडव होता, हार होते, माइक होता, आणि तो साहेबांच्या हातात होता. नारळ फुटला आणि पोरं सुटली. टेकडीवर चढली, वाळूत उड्या मारल्या, धोंड्यांवरून पळाली. समोर बसलेल्या बाया पदराआड हसत होत्या. सानप बाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली.

मग एक पोरगा ओरडला, "ए, फळी!"

पुढचं कुणी शिकवलं नाही. तो पोरगा सगळ्यात मोठ्या धोंड्यावर बसला, खडूचा तुकडा विडीसारखा ओठांत धरला आणि तोडणीच्या टोळीचा मुकादम झाला. बाकीच्यांनी जोड्या लावल्या, एक पोरगा, एक पोरगी. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता मोजतात. जोडी न मिळालेल्या पोरीला सांगितलं गेलं, "तू अर्धा कोयता." ती रडायला लागली. मुकादम म्हणाला, "अर्ध्या कोयत्यानं रडायचं न्हाई. मग आगाऊ उचल मागशील."

माझ्या लूज पार्ट्सच्या मोळ्या बांधल्या गेल्या. मोळी डोक्यावर घेऊन एकेक पोर फळी चढू लागलं. गुडघे वाकलेले, मान ताठ, पावलं छोटी.

"चला ए, गाडी भरायचीय! कोण बसलंय बे तिकडं?"

साहेब टाळ्या वाजवत उठले. "बघा! न शिकवता! काय तोल हाय पोरांचा! म्याडम, तुमचं मैदान पास."

माझ्या पुस्तकांप्रमाणेही ते पास होतं. चढणं, वजन पेलणं, तोल, गटानं खेळणं. एकही पोर स्वस्थ बसलं नव्हतं.

बायांचं हसू मात्र थांबलं होतं. पुढच्या रांगेतली आशाबाई उठली. तिची पोरगी फळीच्या मध्यावर होती. आशाबाई गेली, पोरीच्या डोक्यावरची मोळी काढली आणि खाली टाकली.

"बाई, असलं मैदान व्हय हे?"

"खेळ हाय तो, आशाबाई," साहेब म्हणाले.

"खेळ? असल्याच फळीवरनं मी मोळीसकट पडलते, साहेब, तुमच्याच कारखान्याचा ट्रक भरताना. आजून कंबर वाकत न्हाई. हितं बी फळीच चढायची तर पोरगी आमच्यासंगं काय वाईट हाय? तिथं निदान माझ्या नजरंसमोर चढंल."

"खरं हाय," मागून दोघीतिघी म्हणाल्या. एकजण पोराला हाक मारून चपला शोधू लागली.

"ती फळी काढा," आशाबाई म्हणाली. "मग ठेवते पोरीला."

"काढा? माझं नाव हाय तिच्यावर!" हे साहेब माइकमध्ये बोलले. गावभर गेलं.

माझ्याकडे भाषण तयार होतं. घरात चळवळीच्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून अभ्यास केलाय मी. ऊस, सहकार, कोयता, कंबर, सगळं एका दमात येणार होतं. मी उठले. सानप बाईंनी माझं मनगट धरून खाली बसवलं.

"म्याडम, तुमी भाषण करू नका. मला पोरं ठेवायचीत."

मग त्या साहेबांजवळ गेल्या आणि माइक बाजूला करून हळू आवाजात म्हणाल्या, "साहेब, फळी चढायची म्हंजे तुमच्या नावाशेजारी पाय आला. पोरं शाळेतली, वल्ल्या पायानं बी चढतील. तुमच्या नावाला पाय लागलेला बरा दिसतोय का?"

साहेबांनी फळीकडे नीट बघितलं. ह्या बाजूनं त्यांनी विचार केला नव्हता.

"मग काय म्हणता?"

"गेटपाशी उभी करू. नाव वरच्या अंगाला."

साहेबांनी ड्रायव्हरला हाक मारली. बोल्ट तिथल्या तिथे निघाले. गेटजवळ खड्डा खणून फळी उभी केली. नाव आता वरून खाली जातं, वाचायला मान वाकडी करावी लागते. साहेबांना ते आवडलं. फळीपेक्षा बोर्ड मोठा दिसतो म्हणाले.

आशाबाईनं पोरीला ठेवलं. ते बघून बाकीच्या बऱ्याच जणींनी ठेवली. सगळ्यांनी नाही. काहींना फडावर धाकट्याला सांभाळायला थोरली लागते, त्यावर मैदानाचा उपाय नाही. तरी दिवाळीनंतर बाईंच्या वर्गात पोरं होती, ही गावासाठी बातमी होती. बाभळीची खोडं उशिरा का होईना आली. पोरांना ती फारशी आवडत नाहीत. वाळूत खड्डे खणतात. सरांनी रिपोर्टमध्ये लिहिलं, 'लोकसहभागातून डिझाइनमध्ये सुधारणा.'

आमच्या व्यवसायात काम सुरू करण्याआधी पोरांना एक प्रश्न विचारायची पद्धत आहे: तुम्हाला काय खेळायला आवडतं? मी आता त्याआधी दुसरा विचारते: तुम्ही घरी काय काय काम करता? जे उत्तर येईल, ते ड्रॉइंगमध्ये येऊ द्यायचं नाही.