आधी काठ बघ

"घाई काय आहे? यांना कुठं बस पकडायचीय?"

लॅबमध्ये कुणी पेटी उघडायला धावलं की काकूंचं हे वाक्य ठरलेलं. 'हे' म्हणजे सुदानच्या वाळवंटात दोनेक हजार वर्षं निजलेली माणसं. हिवाळ्यात आमची टीम तिकडे जाऊन कबरी खणायची, आणि त्यातलं काही सामान अभ्यासापुरतं ब्रिटनमध्ये, कार्डिफला आमच्या विद्यापीठात यायचं. कापड असलं की ते काकूंच्या टेबलावर.

काकू मूळच्या इचलकरंजीच्या, माहेरी माग. लग्न होऊन कार्डिफला आल्या, बरीच वर्षं एका दुकानात लोकांच्या पँटी आखूड केल्या, मग विद्यापीठाच्या लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून लागल्या. डिग्री नव्हती. पण फुंकरीनं उडेल अशी चिंधी त्या ब्रशनं उलगडायच्या, तेव्हा आम्ही डिग्रीवाले श्वास रोखून उभे असायचो. तुमच्याही ऑफिसात अशी एखादी बाई असेलच. हुद्द्यानं सगळ्यांत खाली, आणि ती रजेवर गेली की सगळं ठप्प.

मी तेव्हा पीएचडी करत होतो. त्यात पुण्याचा, म्हणजे मत आधी आणि पुरावा सावकाश. "पुण्यात हे शाळेतच शिकवतात का रे?" असं त्या चिडवायच्या. डब्यातलं अर्धं थालीपीठ मात्र माझं. लॅबमध्ये खायला बंदी, म्हणून आम्ही जिन्यात उभे राहून खायचो. परत आत जाताना त्या मला दोनदा हात धुवायला लावायच्या. एकदा धुतलेला हात त्यांना पटायचाच नाही.

दोन हजार चार-पाचचा सुमार असेल. त्या हिवाळ्यात एक छोटी कबर मी स्वतः खणली होती. काही महिन्यांचं बाळ, गुडघे पोटाशी घेतलेलं, कापडात गुंडाळलेलं. कोरड्या वाळूनं कापड राखलं होतं, पण काय कापड! ठिगळावर ठिगळ. हातभर अंतरावरच्या कबरीत एक बाई, अंगावर अखंड, तलम वस्त्र, गळ्यात मणी. मी अहवालाच्या मसुद्यात ठोकून दिलं: बाळ गरीब घरचं, बहुधा या वस्तीतलं नव्हेच, बाहेरून आलेल्या मजुरांचं. त्याचा नंबर 'बाहेरचे' या यादीत टाकला. सामान सुदानला परत जायचं होतं, तेव्हा हे बाळ वेगळ्या पेटीतून जाणार होतं.

काकूंनी मसुदा वाचला. चष्मा काढला.

"हे कुणी लिहिलं?"

"मी."

"तू जन्मलास तेव्हा तुला कशात गुंडाळलं होतं?"

"आजीच्या जुन्या लुगड्याच्या दुपट्यात."

"मग तुम्ही काय भिकारी होता?"

त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "कोरं कापड बाळाला टोचतं रे! एवढंही कळू नये? आणि आधी काठ बघ. ठिगळं काय मोजत बसलास?"

त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. बाळाच्या कापडाच्या विरलेल्या कडेला लाल पट्टी होती, तिच्या बाजूला दोन बारीक निळ्या रेघा. मग त्यांनी बाईचं वस्त्र ठेवलेला कपाटाचा खण ओढला. तीच लाल पट्टी, त्याच दोन रेघा. एक वस्त्र नवं, दुसरं वापरून वापरून मऊ झालेलं. मला लाज वाटली, अगदी मान खाली घालावी इतकी.

टीमचे प्रमुख असलेले आमचे प्रोफेसर हसले. कल्पना गोड आहे, म्हणाले, पण काठावरून नातं कसं ठरवणार?

"नातं मी ठरवत नाही," काकू त्यांच्या इंग्रजीत म्हणाल्या, "एका मागावरचं आहे, एवढंच सांगते. परकं म्हणू नका त्याला."

पुढचे तीन आठवडे त्यांनी टी-ब्रेक घेतला नाही. मायक्रोस्कोपखाली दोन्ही कापडांचे धागे मोजले, पीळ तपासला, रंग ताडून पाहिला. सगळं जुळलं. प्रोफेसरांनी बराच वेळ पाहिलं आणि "राइट" म्हणाले. इंग्रज माणूस याच्यापेक्षा जास्त हार मानत नाही. 'बाहेरचे' या यादीतून बाळाचा नंबर मी माझ्या हातानं खोडला.

त्या दिवशी जिन्यात मी विचारलं, "काकू, या बाळासाठी एवढं का केलंत?"

त्या डब्याचं झाकण लावत होत्या.

"माझं आठव्या महिन्यात आलं. दोन दिवस होतं. दुपटं शिवून ठेवलं होतं मी, माझ्या हिरव्या इरकलीचं. धावपळीत घरीच राहिलं. हॉस्पिटलवाल्यांनी ब्लँकेट दिलं. चांगली माणसं होती रे. पण ते कोरं होतं." मग म्हणाल्या, "चल, हात धू."

सामान परत गेलं तेव्हा बाळाचा बॉक्स त्यांनी बाईच्या बॉक्सला लावून, एकाच पेटीत भरला.

पुढे मी नोकरीसाठी नॉटिंगहॅमला गेलो. तीन वर्षांनी काकांचा फोन आला, काकू गेल्या. पहिली ट्रेन पकडून पोचलो. क्रिमेटोरियमच्या हॉलमध्ये काकूंच्या उघड्या शवपेटीजवळ काका एक प्लास्टिकची पिशवी छातीशी धरून उभे होते.

"तिच्या कपाटात होतं हे," ते म्हणाले. "इतकी वर्षं जपलंन. तिच्याबरोबर द्यावं का? मला काही सुचत नाहीये. तुझं काम ना हे?"

माझं काम! मी आजवर कबरीतून वस्तू बाहेर काढत आलो होतो. आत कधी काही ठेवलं नव्हतं.

पुढचं कुटुंब बाहेर थांबलं होतं. तिथला काळ्या कोटातला माणूस अदबीनं घड्याळाकडे पाहत होता.

"घाई काय आहे?" मी त्याला चक्क मराठीत म्हणालो. मग भानावर येऊन इंग्रजीत पाच मिनिटं मागितली.

मी दोनदा हात धुऊन आलो. पिशवीतून दुपटं काढून उलगडलं. हिरवा रंग विटला होता, लाल काठ मात्र जसाच्या तसा. आधी काठ बघितला, मग ते काकूंच्या कुशीत ठेवलं.