जाऊबाईंची छोटी कात्री

माझ्या मोठ्या जाऊबाई शिवणकाम करतात. कापडावर सुटा दोरा दिसला की त्यांचे हात शिवशिवतात. मोठ्या दिरांनी आजारी पडण्याआधी खिडकीत तगरीचं बुटकं झाड लावलं होतं. आता ते अंथरुणातून रोज विचारतात, "फूल कधी गं येणार?"

जाऊबाई मशीन सोडून सारख्या खिडकीकडे धावायच्या. पाणी घालायच्या, माती उकरायच्या, आणि एखादा शेंडा जरा वर आला की कच्चकन छाटायच्या. झाड चेंडूसारखं गोल, हिरवंगार झालं, पण कळी काही धरेना.

शेवटी मी म्हणाले, "अहो जाऊबाई, कळी शेंड्यालाच येते. तुम्ही तीच कापताय!"

त्या मटकन खालीच बसल्या. दीर म्हणाले, "देवाची कृपा, माझं नाक तरी शाबूत राहिलं!"

जाऊबाईंनी दोरे कापायची छोटी कात्री माझ्याकडे दिली, पण त्यांना चैन कुठलं!

"अगं, डावीकडची फांदी वाकडी वाढलीय. जराशीच छाटू का?"

"अजिबात नाही."

आज त्याच फांदीच्या टोकाला हिरवा ठिपका दिसतोय. कळी आहे की नुसतं पान, देव जाणे. दीर उशीला टेकून एकटक बघतायत, आणि जाऊबाई हात पाठीमागे घट्ट धरून उभ्या आहेत.