धुतलेले कार्ड

सकाळचे नऊ बेचाळीस. ह्वाछ्यांगपेइच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, दुसऱ्या मजल्यावर, एकवीस नंबरच्या काउंटरमागे पान युचिन वजनकाट्यावर एक छोटा व्हिडिओ गेम उपडा धरून दाबते आहे. काटा स्वयंपाकघरातला आहे. त्यावर रबराचे एक बूच चिकटवलेले आहे. गेमचे बटण त्या बुचावर टेकते, आत जाते, टक् असा आवाज होतो. आकडा येतो एकशे सत्तर ग्रॅम. ती तो चिकटपट्टीवर लिहून यंत्राच्या पाठीला लावते आणि पुढचे यंत्र उचलते.

काउंटर सव्वा मीटरचा. त्यावर हातात धरून खेळायची सदतीस यंत्रे मांडलेली आहेत. काही साबणाच्या वडीएवढी, काही जेवणाच्या डब्याएवढी. आतले खेळ मात्र सगळे जुने, तीस-पस्तीस वर्षांपूर्वी लोक टीव्हीला डबा जोडून खेळायचे ते. ते डबे केव्हाच भंगारात गेले. ही यंत्रे त्यांची नक्कल करतात. हा माल विकणारे या मजल्यावर आणखी चाळीस जण आहेत. पानताईकडे लोक येतात ते निवडून घ्यायला.

आजचे पहिले गिऱ्हाईक म्हणजे एक चष्मेवाला, तिशीचा, गळ्यात कंपनीचे ओळखपत्र.

"ताई, यातलं सगळ्यात ताकदीचं कुठलं?"

"ताकद कशाला? नांगराला जुंपायचंय?"

"तसं नाही. सगळे खेळ चालायला हवेत."

"सगळे कोणीच खेळत नाही. लहानपणी काय खेळायचास?"

"रणगाडे. मामाकडे."

"रणगाडे यातलं सगळ्यात मठ्ठ यंत्रसुद्धा चालवतं. खेळणार कुठे?"

तो जरा घुटमळला. "ऑफिसात. म्हणजे... संडासात."

शेजारच्या काउंटरवरची त्साई चहाच्या थर्मासमागे फिसकन हसली.

"मग हे उभं घे, एका हातात राहील," पानताई म्हणाली. "अंगठा दाखव. घाम येतो तुला. चकचकीत पाठीचं घेऊ नकोस, निसटेल. आणि तिथे निसटलं तर मी परत घेणार नाही."

तो एकशे चाळीस ग्रॅमचे उभे यंत्र घेऊन गेला. बटण किती जोराने दाबावे लागते हे मोजून विकणारी बाजारात ती एकटी. काटा तिने दुकानासाठी मात्र आणला नव्हता.

थान हाइशंग तिचा नवरा. दोघेही हूनान प्रांतातल्या एकाच तालुक्याचे. तो प्लास्टिकच्या कवचांचे साचे घडवायचा. सव्वीस वर्षे त्याने तेच केले. कारखान्यात त्याला थान मिस्त्री म्हणत, आणि घरी काही बिनसले की तीही तसेच म्हणे. साच्याच्या कडेवरची केसाएवढी खोट त्याच्या अंगठ्याला कळायची. चार वर्षांपूर्वी थंडीत जेवताना त्याच्या हातातून चॉपस्टिक पडल्या. त्या आठवड्यात तीनदा पडल्या. तिसऱ्या रुग्णालयाने आजाराचे नाव सांगितले. स्नायू हलवणाऱ्या नसा एकेक करून मरतात. आधी हात, मग पाय, मग जीभ, मग श्वास. डोके शेवटपर्यंत शाबूत राहते. अशा रोग्यांना इथे 'हळूहळू गोठणारी माणसे' म्हणतात.

काम सुटल्यावर तो चौथ्या मजल्यावरच्या खोलीत बसून राहू लागला. इमारतीला लिफ्ट नाही. बोटांना चाळा म्हणून पानताईने परत आलेले एक यंत्र त्याला नेऊन दिले. आत सहा हजार खेळ होते. त्याने एकच निवडला, तलवारवाल्याचा, सात किल्ल्यांचा. तरुणपणी कारखान्याच्या वसतिगृहात हाच खेळ होता. टीव्ही एक, पोरे चोवीस. सातव्या किल्ल्यामागे काय आहे ते चोविसांपैकी एकालाही दिसले नव्हते. दर वेळी कोणीतरी हरायचे किंवा वीज जायची.

"आता वीज जात नाही," तो म्हणाला होता. "बघूच."

काटा तेव्हा आला. दर रविवारी सकाळी तो अंगठ्याने बूच दाबायचा आणि ती आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायची. पहिल्या रविवारी चारशे दहा ग्रॅम. वर्षाने दोनशे साठ. त्या आकड्याच्या निम्म्याने आत जाणारे बटण असेल तर माणूस थकत नाही, हा तिचा स्वतःचा हिशेब. त्याप्रमाणे ती यंत्र बदलत गेली. उभे जाऊन आडवे आले, कारण दोन्ही तळव्यांचा आधार हवा झाला. मग टेबलावर टेकवता येईल असे जाडजूड आले. मग तयार मालात पुरेसे हलके बटण मिळेना, तेव्हा तिने जुन्या रिमोट कंट्रोलमधले मऊ रबर काढून बटणांखाली बसवले.

या यंत्रांत एक सोय असते जी मूळ डब्यात नव्हती. खेळ चालू असताना कुठल्याही क्षणी तो आहे तसा थांबवून ठेवता येतो. याला जागा राखणे म्हणतात. राखलेल्या जागेवर चित्र आणि तारीख येते. हाइशंगने नऊ जागा राखल्या होत्या. पहिली, पहिल्या किल्ल्याचा दरवाजा. पाचवी, चौथ्या किल्ल्यातला झुलता पूल. तिच्यावर आजार कळल्याच्या दुसऱ्या महिन्याची तारीख होती. नववी, सातव्या किल्ल्याच्या पायऱ्या. तिथे तो सात महिने अडकला होता. यंत्र बदलले की पानताई जुन्यातले मेमरी कार्ड, ज्यावर खेळ आणि राखलेल्या जागा असतात, ते काढून नव्यात घालायची. नऊही जागा बरोबर यायच्या.

या मे महिन्यात तिने पन्नास ग्रॅमचे यंत्र जुळवले. कॅलेंडरवर तेव्हा एकशे दहा होते. गुरुवारी सकाळी ती त्याचे जुने यंत्र दुकानात घेऊन आली, कार्ड काढले आणि ट्रेच्या कडेला ठेवले.

बाजारात कार्ड धुतात. जुने यंत्र विकण्याआधी त्यातले कार्ड पुसून आईकार्डावरून पुन्हा लिहायचे. आईकार्ड म्हणजे ज्यावरून बाकीची निघतात ते मूळ कार्ड. लिहिणाऱ्या मशीनला आठ खाचा असतात. त्या सकाळी सात कार्डे धुवायची होती. एक खाच रिकामी ठेवून मशीन चालू करणे या बाजारात कोणाच्या हाताला जमत नाही. एक बाई नातवाला कुठले यंत्र घ्यावे ते विचारत होती. पानताई तिच्या नातवाचे वय विचारत होती. हाताने आठवे कार्ड उचलले, खाचेत घातले आणि बटण दाबले.

पाऊण तासाने आठ हिरवे दिवे लागले. तिने कार्डे ट्रेत ओतली. संध्याकाळी हाइशंगचे कार्ड घ्यायला गेली तेव्हा ट्रेच्या कडेला काहीच नव्हते.

पाचव्या मजल्यावर पुसलेल्या कार्डांतून लोकांचे फोटो काढून देणारा लू मिस्त्री बसतो. त्याने आठही कार्डे तपासली. पानताई त्याच्यासमोर उभीच राहिली.

"शेजाऱ्यांसारखं वरवर पुसलं असतंस ना ताई, तर काहीतरी हाती लागलं असतं."

"मी वरवर पुसत नाही."

"तेच म्हणतोय. तू काठोकाठ लिहितेस. तुझं कार्ड कधी परत येत नाही, ते त्यामुळेच." त्याने कार्डे पुढे सरकवली. "खाली काही उरलंच नाही. बस ना, चहा घे."

तिने चहा घेतला नाही.

"झालं का यंत्र?" घरी हाइशंगने विचारले. बोलणे जड झाले होते, पण कळत होते.

"झालं."

"मग तोंड का पाडलंयस?"

"कार्ड धुतलं."

त्याला समजावून सांगावे लागले नाही.

"पूर्ण?"

"पूर्ण."

"तू धुतलंस म्हणजे पूर्णच." मग म्हणाला, "इकडे दे."

पहिल्या किल्ल्याआधी एक खड्डा आहे. पळता पळता उडीचे बटण दाबायचे. दोन अंगठे एकाच वेळी. तो अकरा वेळा खड्ड्यात पडला. बटण हलके होते. तिने मोजलेच होते. पण उजवा अंगठा पोहोचेपर्यंत तलवारवाला खाली गेलेला असे. पायऱ्यांपाशी सात महिने उभे राहून त्याला हे कळले नव्हते. नऊ जागा ज्या हातांनी राखल्या, ते हात आता घरात नव्हते.

बाराव्या वेळी त्याने यंत्र मनगटाने तिच्याकडे ढकलले.

"तू दाब."

"मला कुठे येतं?"

"अकरा वर्षं विकतेस!"

"विकते. पहिलं चित्र उमटलं की बंद करते. पुढे काय असतं मला काय माहीत?"

"मी सांगतो. उडी म्हटलं की उडी."

ती खड्ड्यात पडली. पुन्हा पडली.

"आत्ता म्हणजे आत्ता, युचिन. जेवण झाल्यावर नाही."

"ओरडू नकोस, थान मिस्त्री. नूडल्स नाही करत मी, उडी मारतेय."

"मार मग!"

त्या रात्री ती खड्डा ओलांडू शकली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ओलांडला.

त्साईने एकदा तोडगा सुचवला होता. "ताई, हा खेळ येणारा कोणीतरी गाठ. सातव्या किल्ल्यापुढची जागा राखून आण आणि दाखव त्याला शेवट. नाहीतरी इंटरनेटवर सगळं आहेच."

पानताईने ते घरी सांगितले. हाइशंग हसला, हसताना त्याला ठसका लागला, तो बराच वेळ थांबला नाही.

"नुसतं ऐकायचं असतं," तो म्हणाला, "तर तेव्हाच कोणालातरी विचारलं असतं."

ते त्याचे शेवटचे लांब वाक्य. ऑगस्टपासून शब्द गेले. आता एकदा 'हं' म्हणजे उडी, दोनदा 'हं' म्हणजे तलवार. डावीकडे-उजवीकडे तो डोळ्यांनी सांगतो, पण ती पडद्याकडे बघत असल्याने ते तिला दिसत नाही. म्हणून तिने कपाटाचा आरसा काढून टेबलावर पडद्यामागे उभा केला आहे. डॉक्टरांनी सांगितले आहे की वसंतोत्सवापर्यंत, म्हणजे तीन-चार महिन्यांवरच्या चिनी नववर्षापर्यंत, हा आवाजही राहणार नाही. पाच महिन्यांत तिचे अडीच किल्ले झाले. किल्ले सात आहेत आणि पुढचे अधिक अवघड. हे गणित दोघांनाही येते.

पूर्वी दर शनिवारी संध्याकाळी काटा पिशवीतून घरी जायचा आणि रविवारी माप झाले की दुकानात परत यायचा. मेपासून तो दुकानातच असतो. कॅलेंडरवर एकशे दहानंतर काही लिहिलेले नाही. धुण्याच्या मशीनची आठवी खाच पानताईने काळ्या चिकटपट्टीने बंद केली आहे. त्साई विचारते, बिघडली का? पानताई म्हणते, हो.

आज शनिवार. उद्या बाजार नेहमीसारखा साडेनऊला उघडेल आणि ती नऊ बेचाळीसच्या आसपास काटा पुढे ओढेल. त्याआधी घरी सहा चाळीस ते सात वीस, तिसरा किल्ला, दुसरा जिना. नव्या कार्डावर एकच जागा राखलेली आहे. तिच्यावर आज सकाळची तारीख आहे. उद्या सात वीसला ती बदलेल.